कबुली ऐकणारे

आमच्या घरगुती प्रार्थनासभेच्या शेवटी विनंत्या घेतल्या जातात. फोंड्यात कधी कुर्टीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, कधी ढवळीच्या भाड्याच्या घरात, खुर्च्या भिंतीला लावून आणि मध्ये सतरंजी अंथरून आम्ही बसतो; गीत होते, वचन वाचले जाते, आणि मग कुणीतरी वही उघडून विचारते, "कुणाच्या काही विनंत्या?" मग एकेक विनंती येऊ लागते. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाच्या मुलाचा बारावीचा निकाल लागायचा असतो, कुणाचा कतारचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाचा गावाकडच्या जमिनीचा खटला पुढे सरकत नसतो. या सगळ्या विनंत्या खऱ्या असतात आणि त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थनाही होते. परंतु ती वही चाळली तर एक गोष्ट लक्षात येते की माणूस आपल्यावर आलेले संकट सांगतो, आपल्यामुळे दुसऱ्यावर आलेले संकट सांगत नाही. माझ्या रागासाठी प्रार्थना करा, मी भावाशी हिशेबात खोटेपणा करतो आहे, शेजारणीच्या मुलीला नोकरी लागली तेव्हापासून मला तिचे तोंड पाहवत नाही, अशी विनंती त्या वहीत जवळजवळ सापडत नाही.

आम्ही बहुतेक जण बाहेरून आलेले. कुणी नगरचे, कुणी मिरज-कोल्हापूरकडचे, कुणी सोलापूरचे. बंदरातल्या, कारखान्यांतल्या, शाळा-दवाखान्यांतल्या नोकऱ्यांनी आम्हाला गोव्यात आणले. 1831 साली नगरला अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले, तेव्हापासूनच्या घराण्यांतले काही जण आमच्यात आहेत. गोव्याची ख्रिस्ती वस्ती म्हणजे मुख्यतः कॅथलिक आणि कोकणी बोलणारी, त्यामुळे मराठीतून उपासना करणारी आमची प्रॉटेस्टंट मंडळी लहान आणि एकमेकांना धरून असते. या धरून असण्याचा फार मोठा आधार आहे. आजारपणात डबा येतो, मयताला सगळे येतात. पण जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचे माहेर-सासर ठाऊक असते, तिथे तोंड उघडण्याची भीतीही तितकीच मोठी असते.

कुणी म्हणेल, ख्रिस्ती माणसे तर सतत पापाविषयी बोलत असतात. बोलतात, हे खरेच आहे. आम्ही सगळे पापी आहोत हे वाक्य कुठल्याही सभेत, कुणाच्याही तोंडून सहज निघते, आणि ते सहज निघते याचे कारण त्यात 'सगळे' असतात. सगळ्यांच्यात मिसळून पापी होणे सोपे आहे. काल संध्याकाळी सहा वाजता मी मुलाला जे बोलले ते खोटे होते, असे एकटीने म्हणणे अवघड आहे. आमच्याकडे साक्ष देण्याची जुनी आणि सुंदर प्रथा आहे. माणूस उभा राहतो आणि देवाने आपल्याला कशातून बाहेर काढले ते सांगतो. लहानपणापासून मी अशा साक्षी ऐकत आले आहे आणि त्यांतल्या काहींनी मला घडवले आहे. तरीही त्या ऐकताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. साक्षीतले पाप नेहमी मागे पडलेले असते. 'मी दारू पीत होतो', 'मी देवाला विसरलो होतो', 'माझे घर मोडायच्या बेतात होते'. गोष्ट सांगितली जाते तेव्हा संकट टळून गेलेले असते, सांगणारा किनाऱ्याला लागलेला असतो, आणि ऐकणाऱ्यांनी 'आमेन' म्हणावे इतकेच उरलेले असते. जो अजून पितो आहे, ज्याचे घर आज मोडते आहे, त्याला साक्षीच्या वेळी उभे राहण्याची सोय आमच्या सभेत नाही.

शेजारी राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबामुळे मला दुसरी वाटही जवळून दिसली. गोव्यात कुमसार म्हणतात तो पापनिवेदनाचा संस्कार त्यांच्या घरात नेमाने पाळला जातो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आसपासच्या गावांतले पाद्री एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन कुमसार ऐकतात, म्हणजे ज्याला आपल्या रोजच्या पाद्रीसमोर बोलायला जड जाते, त्याला अनोळखी कान मिळतो. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. शेजारणीला मी एकदा विचारले की मन मोकळे झाल्यावर हेच घरात कुणाला सांगावेसे वाटते का. ती म्हणाली, "पाद्रीक सांगलां, आनी कोणाक कित्याक?" तिच्या आवाजात सुटकाही होती आणि दार लावून घेणेही होते.

हा संस्कार आजच्या रूपात पहिल्यापासून नव्हता. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापाचे प्रायश्चित्त मंडळीसमोर, उघडपणे आणि बहुधा आयुष्यात एकदाच घेतले जाई. प्रायश्चित्त करणारा दाराशी उभा राहून आत जाणाऱ्यांना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनवणी करी. एवढी मोठी किंमत मोजणे नको म्हणून लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या निवेदनाची रीत युरोपभर नेली. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या धर्मसभेने, वर्षातून निदान एकदा निवेदन करणे प्रत्येकावर बंधनकारक केले, आणि त्याच ठरावात ऐकलेले बाहेर फोडणाऱ्या पाद्रीला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावावे, असेही सांगितले. पुढे सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांच्या काळात पाद्री आणि निवेदन करणारा यांच्यामध्ये जाळी असलेली लाकडी पेटी रूढ झाली. आजच्या कॅथलिक कायद्यातही निवेदनाचे गुपित थेट फोडणारा पाद्री आपोआप मंडळीबाहेर पडतो.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की बोलण्याची सक्ती आणि ऐकणाऱ्यावरचे बंधन एकाच ठरावात आले. ज्यांनी तो ठराव लिहिला त्यांना माणसाचा स्वभाव कळत होता. बोल असे म्हणायचे असेल तर ऐकणाऱ्याचे तोंड आधी बंद केले पाहिजे. आम्ही प्रॉटेस्टंटांनी जाळीची पेटी नाकारली, देव आणि माणूस यांच्यात पाद्री नको म्हणालो, आणि त्यामागे आमची कारणे होती. पण ते गुपिताचे बंधनही आम्ही पेटीबरोबर सोडून दिले, आणि त्याच्या जागी दुसरे काही बांधले नाही.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे स्पष्ट सांगितले आहे. त्यात 'एकमेकांजवळ' आहे. कॅथलिक मिस्साच्या सुरुवातीच्या प्रार्थनेतही माणूस छातीवर हात मारून सर्वसमर्थ देवाजवळ आणि 'भावाबहिणींनो, तुमच्याजवळ' पाप कबूल करतो. दर रविवारी शेजारच्या बाकावरचा माणूस ते ऐकतो, आणि स्वतःही म्हणतो. दोन्ही परंपरांत ही आज्ञा धडधडीत लिहिलेली आहे, आणि दोन्हींत ती पाळण्यात सगळ्यांत जास्त अडचण आहे.

गोव्यात बसून कबुलीविषयी लिहिताना जुन्या गोव्याकडे पाठ करून चालणार नाही. 1560 साली इथे इन्क्विझिशनचे न्यायपीठ आले आणि मधली 1774 ते 1778 ही चार वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत टिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरात जुना सण गुपचूप पाळला जातो का, तुळशीपुढे दिवा लागतो का, याची चौकशी होई; शेजारी शेजाऱ्याविरुद्ध आणि नातलग नातलगाविरुद्ध कागाळी देई, आणि आरोपीला आपल्यावर आरोप करणाऱ्याचे नाव कळत नसे. कबुली तिथेही मागितली जाई, किंबहुना तिच्यावरच सगळे चालत असे. पण ती भीतीने पिळून काढलेली कबुली होती, आणि जे कबूल करवले जाई ते बरेचदा पाप नव्हतेच, ते वाडवडिलांचे प्रेम होते. हे आठवून माझे मन जड होते. ज्या धर्माने एकमेकांजवळ मन मोकळे करा म्हटले, त्याच्याच नावाने इथे घराघरांत तोंडे शिवली गेली. त्या काळाची सावली आजच्या संकोचावर किती आहे, याचा हिशेब मी मांडू शकत नाही. पण कबुली घेणारा माणूस ताकदवान असला आणि त्याच्यावर कसलेच बंधन नसले की पवित्रातल्या पवित्र गोष्टीचे काय होते, याचा धडा आम्हाला दूर जाऊन शिकायला नको.

12 मार्च 2000 रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्षमायाचनेचा दिवस पाळला. सत्याच्या सेवेच्या नावाखाली मंडळीच्या लेकरांनी वापरलेल्या असहिष्णू मार्गांची कबुली त्या प्रार्थनांत होती, आणि ती वाचणारे कार्डिनल रॅट्झिंगर हे रोममधल्या जुन्या इन्क्विझिशनच्या वारसदार खात्याचे तेव्हाचे प्रमुख होते. ती कबुली उशिरा आली आणि तिच्यात गोव्याचे नाव नव्हते, हे मला बोचते. तरीही एवढ्या मोठ्या संस्थेने जगासमोर गुडघे टेकून आपले चुकले म्हणावे, हे मी लहान मानत नाही.

जुन्या गोव्यातच, मोंते सांतोच्या टेकडीवर, संत ऑगस्टीनच्या चर्चचा एक मनोरा उभा आहे. 1842 मध्ये त्या चर्चचे छत कोसळले, पुढे मनोऱ्याचाही अर्धा भाग गेला, आणि आता जांभ्या दगडाची ती उंच भिंत पावसात शेवाळते, उन्हात तापते. पर्यटक तिथे फोटो काढतात. मला तिथे गेले की त्या संताचीच आठवण येते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप असताना, साधारण 397 सालापासून, ऑगस्टीनने आपल्या आयुष्याची कबुली लिहिली. तरुणपणीच्या चोरीची आणि वासनेची गोष्ट सगळ्यांना ऐकून ठाऊक असते. पण त्या लेखनाचा दहावा भाग फारसा कुणी सांगत नाही. तिथे तो जुन्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि आज मी कसा आहे ते लिहितो: जेवताना भूक कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते ते मला अजून कळत नाही, स्वप्नांवर माझा ताबा नाही, लोकांनी केलेली स्तुती मला आवडते आणि ती सोडवत नाही. बिशपच्या आसनावर बसलेला माणूस हे लिहितो, आपल्याच लोकांनी वाचावे म्हणून लिहितो. साक्षीत जे मला सापडत नाही ते त्या दहाव्या भागात आहे.

पवित्र शास्त्र तर या बाबतीत निर्भीड आहे. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा आपल्या गुरूला नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. महायाजकाच्या ज्या अंगणात हे घडले, तिथे दुसरा एक शिष्य होता असे योहान सांगतो. पण शेकोटीपाशी एका दासीच्या प्रश्नाने आपली जीभ कशी वळली आणि नंतर बाहेर जाऊन आपण किती रडलो, हे पेत्राइतके कोण सांगू शकणार? ज्या मंडळीचा तो खांब होता, त्या मंडळीने त्याची ही गोष्ट झाकली नाही, पुढच्या पिढ्यांना वाचायला ठेवली. दाविदाचे एक्कावन्नावे स्तोत्र घ्या. परस्त्रीशी केलेला व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याचा घडवून आणलेला मृत्यू, यांच्या पश्चात्तापाचे ते स्तोत्र, आणि त्याच्या वर लिहिले आहे 'मुख्य गवयासाठी'. राजाचा अपराध मंदिरातल्या गाणाऱ्यांच्या हाती दिला गेला, सगळ्यांनी गावा म्हणून. आमच्या एखाद्या मंडळीत कारभाऱ्याचा असा अपराध निघाला असता तर पंचांनी आधी ते पान फाडले असते.

आणि आपल्या मराठीतही हे धैर्य आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली तेव्हा त्यांचे पती रेव्हरंड टिळक महाराष्ट्राचे आदरणीय ख्रिस्ती कवी म्हणून अमर झालेले होते. बाईंनी त्यांचा संताप, त्यांचा विसराळूपणा, घरात दमडी नसताना दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची तऱ्हा, सगळे जसेच्या तसे लिहिले. आणि आपले सोवळेओवळे, आपला हट्ट, आपले अज्ञानही त्याच हाताने लिहिले. ते वाचून टिळकांविषयीचा आदर कमी झाला, असे म्हणणारे मला अजून कुणी भेटलेले नाही. त्याआधी 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, आले, त्यातही मुलींनी रडत रडत आपली पातके उघड कबूल केली होती. म्हणजे उघडेपणा हा मराठी ख्रिस्ती माणसाला परका नाही. तो आमच्या आजीपणजीच्या ठेव्यात आहे आणि आम्ही तो पेटीत घालून ठेवला आहे.

आता मी एक प्रसंग सांगते. जिचा तो आहे तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

एका प्रार्थनासभेत विनंत्या चालल्या असताना एक सून म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना करा." सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होते. ती पुढे म्हणाली, "काल पेज भरवताना त्यांनी ती माझ्या अंगावर थुंकली. मी त्यांचा हात इतका जोरात दाबला की बोटांचे वळ उठले. त्या मराव्यात असे मला वाटते. मी प्रार्थनाही तशीच करते." खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग एक मावशी म्हणाल्या, "असे बोलू नये गं, सासू आईसारखी असते." दुसऱ्या बाईंनी आईबापांचा मान राखण्याची आज्ञा सांगितली. तिसऱ्या बाईंनी आपण सासूचे किती वर्षे हसतमुखाने केले ते सांगितले. आणि ज्यांनी प्रार्थना केली त्यांनी सासूबाईंना आरोग्य मिळावे अशी प्रार्थना केली. तिने मागितले होते स्वतःसाठी. प्रार्थना भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवली गेली. रविवारी उपासनेनंतर तिच्या नवऱ्याला दोघांनी बाजूला घेऊन "आईंची काळजी घ्या हो" असे सांगितले. त्यानंतर पुष्कळ दिवस ती सभेला आली नाही.

त्या खोलीतले कुणीही दुष्ट नव्हते. मावशींना तिला धीरच द्यायचा होता. पण खरे ऐकले की आपल्याला भीती वाटते आणि ती भीती लपवण्यासाठी आपण चटकन काहीतरी बोलतो, बहुधा वचन, नाहीतर सल्ला, नाहीतर आपली स्वतःची गोष्ट. दुसऱ्याची कबुली आपल्या घराच्या भिंतीवर ठकठक करते. सासूचा हात आपणही कधी दाबला होता का, हा प्रश्न मनात उठण्याआधीच आपण उत्तर देऊन मोकळे होतो.

सभेतल्या एका निवृत्त नर्सबाई मात्र त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्यांचे शिक्षण झालेले. दोन दिवसांनी त्या दुपारच्या तिच्या घरी गेल्या, आधी सासूबाईंच्या पलंगापाशी बसल्या, त्यांचा हात हातात घेऊन वळ नीट पाहिले, मनगट हलवून दुखते का ते विचारले. मग उशा लावून त्यांना टेकून बसवले, हनुवटी किंचित खाली घेऊन पेज कशी भरवायची म्हणजे ठसका लागत नाही आणि बाहेर येत नाही, ते सुनेला दाखवले. स्वयंपाकघरात चहा होईपर्यंत त्यांनी तिला एकच वाक्य सांगितले, "माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत माझ्या हातूनही झाले होते." त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या येऊन बसू लागल्या, म्हणजे सुनेला दोन तास झोप मिळेल किंवा बाजारात जाता येईल. त्या बाईंनी पाप लहान केले नाही. वळ आधी पाहिले. पण पाप करणारीला एकटे सोडले नाही. यातल्या एका अक्षराचीही वाच्यता त्यांनी कुठे केली नाही. मला ते कळले सुनेकडून, फार नंतर.

यावर विचार करताना माझे मत पक्के होत गेले की आम्ही नेहमी उलट्या बाजूने सुरुवात करतो. प्रामाणिक व्हा, मोकळे व्हा, मुखवटे काढा, असे उपदेश बोलणाऱ्याला उद्देशून होतात. मुखवटा काढला की समोर कोण बसले आहे, हे मात्र कुणी पाहत नाही. स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाविषयी माणूस बोलू लागेल, पण समोरचा आपले कुसळ विसरून लगेच चिमटा घेऊन धावला तर पुढच्या वेळी तो डोळे मिटूनच घेईल.

दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या बैठका गोव्यात होतात. ही चळवळ 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झाली आणि तिची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळात आहेत, जिथे माणसे लहान गटात बसून आपले दोष एकमेकांना सांगत. तिच्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी अशी की आपल्या चुकांचे नेमके स्वरूप देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ कबूल करायचे. माझ्या नात्यातले एक गृहस्थ या बैठकांमुळे उभे राहिले. त्यांनी मला सांगितले की तिथे कुणी मध्येच बोलत नाही, कुणी सल्ला देत नाही, आडनाव विचारत नाही, आणि काल पुन्हा प्यालो असे म्हणणाऱ्याला परत यायला सांगतात. ते पुढे म्हणाले, "वहिनी, हे सगळे मी आधी आपल्या मंडळीत शोधले होते." मला त्यावर काही उत्तर देता आले नाही.

मंडळीतही हे पूर्वी झालेले आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1738 च्या नाताळच्या दिवशी लहान गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा भेटायचे, आणि मागच्या भेटीपासून आपण जाणूनबुजून कोणती पापे केली, कोणते मोह आले, हे प्रत्येकाने सांगायचे. त्यात येण्याआधी माणसाला विचारले जाई की आपले दोष कुणी आपल्याला तोंडावर सांगावेत अशी तुझी इच्छा आहे का. ज्याची इच्छा नाही त्याच्यावर सक्ती नव्हती. हे गट लहान होते, निवडीने जमलेले होते. आमच्या वीस-पंचवीस जणांच्या सभेत, लहान मुले पायांत घोटाळत असताना, सुनेने जे सांगितले ते सांगण्याची ती जागा नव्हती, हेही मला आता पटते. तिला जागाच नव्हती, म्हणून ती तिथे बोलली.

एका बाबतीत मात्र मी गुपिताच्या बाजूने उभी राहणार नाही. मूल छळले जात असेल, बाई मार खात असेल, कुणाचे पैसे लुबाडले जात असतील, तर ती निव्वळ एकाच्या आत्म्याची गोष्ट उरत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. जगभरच्या मंडळ्यांनी असे गुन्हे 'पाप' म्हणून आत घेतले, प्रार्थना करून मिटवले आणि गुन्हेगाराला दुसऱ्या गावी पाठवले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला क्षमा कर म्हणून सांगितले. 2018 च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या कॅथलिक विश्वासणाऱ्यांना पत्र लिहून, आपण त्या लहानांची काळजी घेतली नाही, हे मान्य केले. दोष सांगणाऱ्याला जवळ घेणे आणि ज्याला दुखापत झाली त्याला वाऱ्यावर सोडणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नर्सबाईंनी आधी वळ पाहिले, ते मी म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवते.

कुणी विचारील की इतके लिहिणाऱ्या बाईने आपले दोष इथे का लिहिले नाहीत. ते मी मुद्दामच लिहिणार नाही. अनोळखी वाचकांसमोर दोष मांडले की वाचक टाळ्या वाजवतात, किती धीट म्हणतात, आणि दोष जिथला तिथेच राहतो. मडगावला माझी एक मैत्रीण राहते. माझे आजचे दोष, गेल्या वर्षीचे नव्हेत, तिला नावानिशी माहीत आहेत, आणि तिचे मला. पुढच्या भेटीत ती विचारणार हे ठाऊक असते. कधी कधी तिच्याकडे जाणारी बस चुकावी असेही वाटते, इतके ते विचारणे नको असते. तरी मी जाते. लोकांसमोर लिहिण्यात आणि तिला सांगण्यात हाच फरक आहे की ती माझ्या आयुष्यातून उठून जाणार नाही आणि मला फसवू देणार नाही.

या बाबतीत पहिले पाऊल पुढाऱ्यांनी टाकले पाहिजे, असे मला वाटते. 2014 च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस इतरांचे पापनिवेदन ऐकायला सेंट पीटर्समध्ये निघाले असता आधी स्वतःच एका साध्या पाद्रीपुढे, सगळ्यांच्या देखत, गुडघे टेकून बसले. ते काय बोलले ते कुणालाच कळले नाही, आणि कळायला नकोच होते. गुडघे टेकलेले मात्र साऱ्या जगाने पाहिले.

आमच्या पाळकसाहेबांनी मागच्या पावसाळ्यात उपासनेत, उपदेशाच्या जागी उभे राहून सांगितले की काही महिने झाले, एकट्याने प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत, लोकांसमोर जी करतो ती सवयीने करतो, आणि घरी चिडचिड वाढली आहे, हे पत्नीच्या संमतीने सांगतो आहे. मंडळी गप्प बसली. पुढच्या बाकावरचे दोन पंच खाली पाहू लागले. आता वचन येणार, नाहीतर सल्ला येणार, असे मला वाटले. उपासना संपल्यावर नर्सबाई त्यांच्यापाशी गेल्या आणि झोप किती लागते, जेवण कसे जाते, हे विचारू लागल्या. पंचांपैकी एकाने, जे एरवी हिशेबाखेरीज काही बोलत नाहीत, पाळकीणबाईंना विचारले की येते दोन रविवार उपदेश आम्ही वाटून घेतले तर चालेल का, म्हणजे साहेबांना घेऊन तुम्हाला गावी जाऊन येता येईल. त्यांनी होकार दिला. पहिल्या रविवारी त्याच पंचांनी वाचन केले, आणि उपदेश लिहून आणला नव्हता म्हणून एक्कावन्नावे स्तोत्र सगळ्यांकडून म्हणवून घेतले.